साळिंदरांची गोष्ट आणि आमच्या वाड्यातली भिंत

वाईची_लेक:

नमस्कार. प्रश्न तत्त्वज्ञानाचा की घरातला, हे मलाच नीट ठरवता येत नाही, म्हणून दोन्ही मांडते.

माझं माहेर वाईला. घाटापासून चालत पाच-सात मिनिटांवर आमचा जुना वाडा आहे. दोन भाऊ, दोघांचे संसार, आणि ओटीलगतच्या खोलीत आई-बाबा. गेल्या दिवाळीपासून एकच वाद चालू आहे: माजघरात भिंत घालायची की नाही. धाकट्याला वेगळी चूल हवी आहे. मोठा म्हणतो, माजघर कापलं की वाड्यात राहिलं काय. सुरुवातीला जेवताना बोलणं व्हायचं. आता एकाचं जेवण झाल्याशिवाय दुसरा पाटावर बसत नाही. मी महिन्यातून एकदा जाते आणि दोघांचं ऐकून घेते. दोघांचंही बरोबर वाटतं. परत येताना एसटीत डोकं दुखतं.

माझी मुलगी पुण्यात बी.ए. करते. तिने शोपेनहावर या जर्मन तत्त्वज्ञाची एक गोष्ट सांगितली. कडाक्याच्या थंडीत साळिंदरं ऊब मिळावी म्हणून एकमेकांना बिलगतात. काटे टोचले की लांब होतात. लांब गेली की गारठतात, पुन्हा जवळ येतात. असं करत करत त्यांना एक मधलं अंतर सापडतं, जिथे थंडीही सोसते आणि काटेही. ऐकताना मला आमचं माजघरच दिसलं.

तिने आणखी एक सांगितलं. या माणसाच्या मते सुख म्हणून वेगळं काही नसतंच, दुखणं थांबलं की त्यालाच आपण सुख म्हणतो. बाबा रोज सकाळी म्हणतात, “आज गुडघा गप्प आहे, म्हणजे दिवस चांगला.” मुलगी म्हणाली, “आजोबा शोपेनहावरच आहेत.” ती हसली, पण माझ्या मनातून ते जाईना. ७८ वर्षं जगून हातात एवढंच उरतं का? आणि साळिंदरांच्या गोष्टीचा अर्थ असा घ्यायचा का, की रक्ताच्या नात्यातही अंतर ठेवलेलंच बरं?

ज्यांनी हा माणूस खरंच वाचला आहे त्यांनी सांगावं. मी वाचलेला नाही.

---

सातबारा:

तत्त्वज्ञानातलं मला कळत नाही, पण एक सांगणं गरजेचं वाटतं. वाडा वडिलोपार्जित असेल तर त्यात तुमचाही हिस्सा आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार ठरते, आणि त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा तुम्ही मध्यस्थ म्हणून जात असलात तरी कायद्याने तुम्हीही एक पक्ष आहात. तोंडी ठरवून भिंत घालू नका. आधी मालमत्ता पत्रक काढा, त्यावर कोणाची नावं आहेत ते बघा. वाटणी करायचीच ठरली तर दस्त नोंदवून घ्या. नुसती भिंत उभी राहिली आणि कागद झाला नाही, तर पुढच्या पिढीत ती भिंतच दावा होऊन बसते. असे दावे मी पाहिले आहेत.

---

मिरजेची_सिस्टर:

ताई, मी मूळची मिरजेची. नर्सिंग तिथेच शिकले. २०११ पासून फ्रांकफुर्टमध्ये एका वृद्धाश्रमात काम करते. शोपेनहावर १८३३ पासून १८६० मध्ये वारला तोपर्यंत याच गावात राहिला. इथल्या मोठ्या दफनभूमीत त्याची काळी, सपाट शिळा आहे. त्यावर फक्त नाव कोरलंय, ना जन्मसाल, ना मृत्युसाल. त्याची इच्छाच तशी होती. मी रात्रपाळी संपवून कधीकधी तिथे जाते.

मी काही तत्त्वज्ञान शिकलेली नाही. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका होत्या. माझी जर्मन सुधारावी म्हणून त्या रोज अर्धा तास माझ्याकडून वाचून घ्यायच्या. इथे पिवळ्या कव्हरची छोटी, स्वस्त पुस्तकं मिळतात, शाळेतली मुलं वापरतात तसली. त्यातलं सुखाने जगण्याविषयीचं त्याचं एक पुस्तक आम्ही दोघींनी चार महिन्यांत संपवलं. नंतर बाकीचं मी माझं माझं वाचत गेले.

आधी साळिंदरं. ही गोष्ट त्याने १८५१ मध्ये छापली, तेव्हा तो ६३ वर्षांचा होता. सांगताना लोक शेवट गाळतात. त्या मधल्या अंतराला त्याने नाव दिलंय: सभ्यता आणि चांगली रीत. म्हणजे तोडणं नव्हे. समोरच्याला टोचू नये म्हणून आपण ज्या साध्या गोष्टी पाळतो, त्या. दार वाजवून आत येणं, दुसऱ्याच्या ताटाकडे न बघणं. तो पुढे हेही म्हणतो की या अंतरावर ऊब पुरेशी मिळत नाही, अर्धवटच मिळते, पण काटे टोचत नाहीत. आणि ज्याच्या आत स्वतःची भरपूर ऊब आहे त्याने लांब राहिलेलं उत्तम.

तो स्वतःला या शेवटच्या गटात धरत असणार. लग्न केलं नाही. आईशी पटलं नाही. १८१४ मध्ये वायमार, म्हणजे आई राहायची ते गाव, सोडलं त्यानंतर ती १८३८ मध्ये वारेपर्यंत तिची भेट नाही. पण हाच माणूस फ्रांकफुर्टला रोज दुपारी बासरी वाजवून झाली की हॉटेलात जेवायला जायचा, तेही लांब सामाईक टेबलावर, अनोळखी लोकांच्या पंगतीत. घरी एकट्याने जेवणं त्याला सहज परवडलं असतं, वडिलांचा पैसा होता. तरी वर्षानुवर्षं तो पंगतीतच जेवला. मला त्याच्या लिहिलेल्या ओळीपेक्षा ती पंगत जास्त सांगते. आपली ऊब आपल्याला पुरते असं लिहिणारा माणूस रोज एक वाजता माणसांत जाऊन बसत होता.

घरी सोबतीला पूडल जातीचा कुत्रा असायचा. एक गेला की दुसरा, आणि प्रत्येकाचं नाव एकच: आत्मा. हो, आपलाच शब्द. शाहजहानचा मुलगा दारा शुकोह याने १६५७ मध्ये उपनिषदं फारसीत आणवली. त्यावरून एका फ्रेंच माणसाने लॅटिन केलं, ते १८०१-०२ मध्ये छापलं गेलं, आणि १८१४ मध्ये ते शोपेनहावरच्या हाती लागलं. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. पुढे त्याने लिहिलं की या ग्रंथाने मला जगताना धीर दिला आणि मरतानाही देईल. काशीच्या पंडितांपासून दिल्ली, तिथून फ्रान्स, मग इथे. त्या शिळेपाशी उभी राहिले की हा सगळा प्रवास माझ्या मनात येतो आणि मला परकं वाटत नाही.

आता सुखाचं. तुमच्या बाबांचं वाक्य त्याला फार आवडलं असतं. तो म्हणतो, सगळं शरीर धडधाकट आहे हे आपल्याला जाणवत नाही, बूट जिथे चावतो तेवढीच जागा जाणवते. नर्सला हे कोणी शिकवावं लागत नाही. रात्री दोन वाजता बेल वाजते ती दुखतंय म्हणून. दुखत नाही म्हणून बेल कोणी वाजवत नाही. सुखाचे नऊ दशांश तब्येतीवर अवलंबून आहेत, असंही तो म्हणतो. रोज दोन तास झपाझप चालायचा, पाऊस असो की काही.

पण एवढ्यावर थांबलं तर त्याच्यावर अन्याय होईल. त्याच पुस्तकात त्याने माणसाच्या वाट्याला येणाऱ्या गोष्टींचे तीन भाग केलेत: आपण काय आहोत, आपल्याजवळ काय आहे, आणि लोकांच्या डोळ्यांत आपण काय आहोत. आपण आयुष्य घालवतो दुसऱ्या-तिसऱ्यावर, आणि सुख येतं पहिल्यातून. त्या पहिल्यातही प्रसन्न स्वभावाला तो सगळ्यात वर बसवतो. बाकीच्या गोष्टी म्हणजे हुंडी, प्रसन्नता म्हणजे रोख नाणं. ती दाराशी आली तर कारण विचारत बसू नका, दार सताड उघडा. जगाला दुःखवादी म्हणून माहीत असलेला माणूस हे लिहितो. दुःख मोजताना त्याचा हात कधी हलका झाला नाही, म्हणून मी त्याचं हे ऐकते.

एका ठिकाणी मात्र माझं त्याच्याशी पटत नाही. आयुष्य लंबकासारखं वेदना आणि कंटाळा यांच्यामध्ये झुलतं, असं त्याने ऐन तिशीत लिहिलं. आमच्याकडे एक आजोबा होते. औषधाने त्यांची वेदना पूर्ण आटोक्यात होती. डोकं तल्लख, रेडिओवर संगीत चालू, कंटाळा माहीत नाही. तरी शुक्रवारपासून ते खिडकीकडे तोंड करून बसायचे, कारण रविवारी मुलगी यायची. ती वेदना नव्हती आणि कंटाळाही नव्हता. लंबकाला दोनच टोकं आहेत. वाट पाहणं त्यात कुठे बसतं ते मला अजून सापडलेलं नाही.

भावांच्या वादाबद्दलही त्याचं काही आहे. पाळी संपली की लिहिते.

---

खडूफळा:

मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. वर सिस्टरांनी मनापासून लिहिलं आहे, पण चित्र अर्धं आहे.

१८२१ साली बर्लिनमध्ये याच्या खोलीबाहेर शेजारीण गप्पा मारत उभी होती. कारोलीन मार्के तिचं नाव, शिवणकाम करणारी बाई. त्याने तिला ढकललं, ती पडली. खटला अनेक वर्षं चालला आणि शेवटी तिला आयुष्यभर वर्षाला ६० टालर (तिथलं तेव्हाचं नाणं) द्यावेत असा निकाल लागला. ती वारल्यावर त्याने लॅटिनमध्ये एका ओळीचा शब्दखेळ लिहून ठेवला: म्हातारी गेली, ओझं गेलं. १८५१ च्याच ग्रंथात स्त्रियांवर त्याचा जो निबंध आहे तो वर्गात वाचून दाखवायची माझी हिंमत होत नाही.

करुणा हाच नीतीचा पाया, असं या माणसाने म्हणायचं आणि आपण त्याचं ऐकून आपल्या घराचे प्रश्न सोडवायचे, हे मला पटत नाही. ज्याला शेजारच्या बाईचा आवाज सोसला नाही त्याच्याकडून एकत्र कुटुंबाने काय शिकावं?

---

मिरजेची_सिस्टर:

सर, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. मला त्यातलं काही झाकायचं नाही. तो निबंध मी वाचला तेव्हा पुस्तक मिटून आठवडाभर बाजूला ठेवलं होतं. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंबद्दल कळलं तेव्हा तर जास्तच वाईट वाटलं, कारण माझी आईही शिवणकाम करायची.

त्याचं यावर उत्तर होतं. सुंदर मूर्ती घडवणारा शिल्पकार स्वतः सुंदर असावा लागत नाही, तसा तत्त्वज्ञ संत असावा लागत नाही. मला हे उत्तर पुरत नाही. पण त्याने जे पाहिलं ते खोटं ठरतं असंही मला म्हणता येत नाही.

१८३९ मध्ये डेन्मार्कच्या राजेशाही विद्वत्संस्थेच्या स्पर्धेत त्याने नीतीच्या पायावर निबंध पाठवला. स्पर्धेत निबंध एकच होता, त्याचा. तरी बक्षीस दिलं नाही, मोठ्या तत्त्वज्ञांबद्दल तो अनादराने लिहितो हे त्यामागचं एक कारण. त्या निबंधात त्याने माणसाच्या कृतीमागे तीन गोष्टी शोधल्या: स्वतःचं भलं व्हावं, दुसऱ्याचं वाईट व्हावं, दुसऱ्याचं भलं व्हावं. तिसरीला जर्मनमध्ये जो शब्द आहे तो फोडला तर ‘सोबत’ आणि ‘दुःख’ असे दोन तुकडे होतात. आमच्या शिक्षिकाबाईंनी मला मराठी शब्द विचारला. दया म्हणावं तर ती वरून खाली दिली जाते. मी म्हटलं, कळवळा. मला त्या शब्दात कळ ऐकू येते. दुसऱ्याच्या पोटात उठलेली कळ आपल्या पोटात उठते. त्यांनी तो शब्द पेन्सिलने पुस्तकाच्या कडेला रोमन लिपीत लिहून ठेवला. ते पुस्तक आता माझ्याकडे आहे.

ताई, तुमच्या भावांचं. वादात आपलंच खरं कसं करायचं याच्या ३८ युक्त्या त्याने लिहून ठेवल्या होत्या. त्या त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेल्या. पहिली युक्ती अशी: समोरच्याचं म्हणणं ताणून इतकं मोठं करायचं की ते त्यालाच सांभाळता येऊ नये. धाकटा म्हणतो “वेगळी चूल हवी,” आणि मोठ्याच्या तोंडी ते “म्हणजे आई-बाबांना टाकणार” असं होतं, होतं ना? शेवटची युक्ती: हरतोय असं दिसलं की मुद्दा सोडायचा आणि माणसावर घसरायचं. “तुझ्या बायकोने शिकवलंय.” तुमच्या घरी हे वाक्य उच्चारलं गेलंय का मला माहीत नाही. आमच्या मिरजेच्या घरी गेलंय.

असं का होतं? तो म्हणतो, माणूस मुळात प्रामाणिक असता तर वादातून सत्य बाहेर यावं एवढीच त्याला काळजी असती, मग ते कोणाच्या बाजूने का निघेना. पण आपलं म्हणणं चूक आणि समोरच्याचं बरोबर ठरावं हे अहंकाराला सोसत नाही. एक गोष्ट मात्र तो माणसाच्या बाजूनेही मांडतो, आणि ती मला फार मोलाची वाटते. कधीकधी आपण खरंच बरोबर असतो, फक्त आपल्याला त्या क्षणी उत्तर सुचत नाही. म्हणून हरल्यासारखं दिसलं तरी आपण हटत नाही. म्हणजे हट्टाच्या आत कधीतरी एक खरी गोष्ट असते, जिला अजून शब्द मिळालेले नसतात.

या युक्त्या त्याने जिवंतपणी छापल्या नाहीत. नंतर त्याने लिहिलं की माणसाच्या या वाकड्या वाटा इतक्या बारकाईने बघत बसणं आता मनाला नको वाटतं. सर, हे वाचून मला तो थोडा आवडायला लागला.

---

सडा_आणि_रान:

मी सिंधुदुर्गातला, बागायतदार. जर्मन तत्त्वज्ञान वाचलेलं नाही, साळिंदर मात्र रात्रीचं पुष्कळदा पाहिलंय. सुरण, रताळं, नारळाची नवी रोपं, काही सोडत नाही. म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

साळिंदर काटे फेकून मारतं असं लोक म्हणतात ते खोटं. काटे सैल असतात, टोचले की गळून अडकतात, एवढंच. आणि दुसरं म्हणजे काटे कायम उभे नसतात. शांतपणे चरत असतं तेव्हा ते पाठीवर मागे निजलेले असतात, चालताना नुसती खुळखुळ ऐकू येते. कुत्रा आला, बॅटरीचा झोत पडला, काही भय वाटलं, की मग काटे उभे राहतात आणि जनावर दुप्पट दिसायला लागतं. नर, मादी, पिल्लं एकाच बिळात राहतात. आमच्या सड्याच्या कडेला असं एक बीळ आहे. आत दाटीवाटीच असणार, पण एकमेकांना टोचून जखमी झालेलं साळिंदर मी आजवर पाहिलेलं नाही.

त्या साहेबांनी थंडीचं लिहिलं. भीतीचं लिहिलं होतं का?

---

खडूफळा:

भीतीचं नव्हतं लिहिलं. चांगला मुद्दा. हा मी वर्गात घेणार.

सिस्टर, तुमचं “पुरत नाही, पण खोटंही ठरत नाही” हे वाक्य मी मान्य करतो. माझा राग त्याच्यावर आहे, तो राहील. युक्त्यांच्या त्या टिपणाच्या शेवटी त्याने एक सल्ला दिला आहे, तो मी दरवर्षी फळ्यावर लिहितो, म्हणजे मीही त्याचं ऋण घेतोच. वाद येईल त्याच्याशी घालू नये. जो समोरच्याच्या तोंडूनही खरं ऐकायला तयार आहे आणि स्वतः चुकलो तर ते सोसू शकतो, त्याच्याशीच घालावा. असा शंभरात एखादाच भेटतो.

---

वाईची_लेक:

सगळ्यांचे आभार. सातबारा, मालमत्ता पत्रक काढलं. अजून आजोबांचंच नाव आहे. माझ्या हिश्शाचं मी अजून कोणापाशी बोललेले नाही, पण तुम्ही लिहिल्यावर एक कळलं. मी मधली नाही, मीही त्याच बिळातली आहे.

सिंधुदुर्गच्या दादांचं वाचून काल धाकट्याला फोन केला. आजवर मी त्याला “भिंत का हवी” असंच विचारत आले, आणि तो कारणं द्यायचा: गॅसचा खर्च, मुलांची शाळेची वेळ, पाहुणे. काल विचारलं, “तुला कशाची भीती वाटते?” बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “बाबा गेल्यावर दादा मला ‘रहा’ म्हणेल, आणि मी त्याच्या घरात राहिल्यासारखा राहीन. आत्ता भिंत घातली तर ती बाबांच्या हयातीत असेल.” आठ महिन्यांत हे तो कोणापाशी बोललेला नव्हता. सिस्टर, शब्द न मिळालेली गोष्ट म्हणजे हीच असावी.

मोठ्याला अजून विचारलेलं नाही. तो फोनवर बोलणारा नाही. रविवारी जाणार आहे. दोघांना समोरासमोर बसवणार नाही, मोठ्याबरोबर एकटीच घाटावर जाईन.

तुमचे ते खिडकीतले आजोबा डोक्यातून जात नाहीत. बाबांचा फोन नेहमी शनिवारी रात्री येतो, “उद्या कितीच्या गाडीने?” एवढंच विचारायला. या वेळी तो आज, गुरुवारीच आला. गुडघा परत दुखतोय म्हणाले. येताना महानारायण तेल घेऊन येते म्हटलं, तर म्हणाले, “तेल इथेही मिळतं. तू लवकरची गाडी धर.”

---

मिरजेची_सिस्टर:

ताई, तेल कोमट करून लावा. गुडघ्याच्या वाटीवर जोर देऊ नका, बाजूंनी वर चोळा. सूज किंवा लाली दिसली तर मात्र चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि मोठे भाऊ काय म्हणाले ते जमलं तर कळवा. मला रविवारी दुपारची पाळी आहे, रात्री वाचेन.